‘संशयकल्लोळ’ : रूपांतर, उसनी चाल आणि स्वतंत्रतेचा प्रश्न

गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) यांच्या नावावर एकूण सात नाटके आहेत. त्यांपैकी ‘शारदा’ (१८९९) हे एकच स्वतंत्र, आणि उर्वरित सहा ही भाषांतरित वा रूपांतरित, असे विधान मराठी नाट्यवाङ्मयाच्या बहुतेक इतिहासांत आढळते. विधान वस्तुस्थितीला धरून आहे. ‘मृच्छकटिक’ शूद्रकाचे, ‘विक्रमोर्वशीय’ कालिदासाचे, ‘शापसंभ्रम’ बाणभट्टाच्या ‘कादंबरी’वरून, ‘झुंझारराव’ शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून, ‘दुर्गा’ सदर्नच्या ‘द फेटल मॅरेज’वरून डेव्हिड गॅरिकने सिद्ध केलेल्या ‘इझाबेला’वरून आणि ‘संशयकल्लोळ’ आर्थर मर्फीच्या ‘ऑल इन द राँग’वरून. मात्र या विधानातून जो मूल्यनिर्णय गृहीत धरला जातो, तो वस्तुस्थितीइतका निर्विवाद नाही. ‘शारदा’ची चर्चा सामाजिक आशयाच्या अंगाने सविस्तर होते, ‘संशयकल्लोळ’चा उल्लेख ‘यशस्वी रूपांतर’ या दोन शब्दांत आटोपतो. या दोन शब्दांत ‘यशस्वी’ हे विशेषण प्रयोगाला उद्देशून असते आणि ‘रूपांतर’ हे नाम लेखकाला. म्हणजे यश नटांचे आणि उसनवारी देवलांची, अशी ही वाटणी आहे. ती कितपत न्याय्य आहे, हे पाहावयाचे तर देवलांनी नेमके काय घेतले आणि घेतलेल्याचे काय केले, हे तपशिलात जाऊन पाहणे अगत्याचे ठरते.

प्रथम मूळ कुठले, हा प्रश्न. ‘संशयकल्लोळ’चे मूळ मर्फीच्या नाटकात आहे असे म्हणून थांबता येत नाही, कारण मर्फीचे मूळ मोलिएरमध्ये आहे. मोलिएरचे ‘स्गानारेल, अथवा काल्पनिक व्यभिचारपीडित पती’ हे पद्यबद्ध एकांकी प्रहसन १६६० साली पॅरिसमध्ये रंगभूमीवर आले. त्याचा नायक स्गानारेल हा मोलिएरने स्वतः रंगविलेला, इटालियन मुखवट्यांच्या प्रहसनपरंपरेशी नाते सांगणारा, भित्रा आणि बडबड्या असा ठरीव नमुना आहे. म्हणजे मूळ म्हणून ज्या ठिकाणी थांबावे, तेथेही पूर्वीच्या रंगभूमीचे ऋण आहेच. या प्रहसनाच्या वाट्याला आणखी एक गमतीचा योग आला. ते इतके लोकप्रिय झाले की कोणा एका प्रेक्षकाने वारंवार प्रयोग पाहून, ते पाठ करून, मोलिएरच्या अनुमतीवाचून छापून टाकले. मोलिएरला त्याविरुद्ध दाद मागावी लागली. त्याच वर्षी स्त्री-पुरुषांच्या भूमिकांची अदलाबदल केलेली त्याची एक नक्कलही निघाली. चौर्य, नक्कल आणि रूपांतर हे तीन भिन्न व्यवहार एकाच कृतीभोवती इतक्या लवकर घडावेत, ही गोष्ट विषयाच्या दृष्टीने बोलकी आहे.

प्रहसनाचा गाभा एका वस्तूवर उभा आहे. सेली ही तरुणी, पित्याने दुसऱ्याशी विवाहाची सक्ती केल्यामुळे मूर्च्छित होते. तिच्या हातातील प्रियकराची तसबीर खाली पडते. वाटेने जाणारा स्गानारेल तिला सावरतो. त्याची पत्नी हे वरून पाहते आणि पतीविषयी संशय घेते. खाली येते तो तसबीर तिला सापडते; ती निरखीत असता स्गानारेल तिला पाहतो आणि पत्नीविषयी संशय घेतो. तो तसबीर हिसकावून घेतो. ती त्याच्या हाती पाहून प्रियकर लेली आपल्या प्रेयसीविषयी संशय घेतो. आणि पुढे स्गानारेलच्याच तोंडून ऐकून सेली प्रियकराविषयी संशय घेते. चार माणसे, एक तसबीर, आणि प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलेला पुरावा. चौघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. प्रत्येकजण जे पाहिले तेवढ्यावरून निष्कर्ष काढतो, एवढाच त्यांचा दोष. ही रचना यंत्रासारखी चोख आहे, आणि यंत्र जसे कोणत्याही देशात चालते तशीच ती प्रवासाला योग्य आहे.

मर्फीने (१७२७–१८०५) हे यंत्र १७६१ साली लंडनच्या रंगभूमीवर आणताना त्याचा विस्तार केला. एका अंकाचे पाच अंक झाले, पद्याचे गद्य झाले, आणि मुख्य म्हणजे संशय हा प्रसंगाने उत्पन्न होण्याऐवजी स्वभावातच असलेला दोष ठरला. सर जॉन रेस्टलेस आणि लेडी रेस्टलेस हे दांपत्य तसबीर पडण्याच्या आधीपासूनच परस्परांवर पाळत ठेवून असते. त्यांचे आडनावच अस्वस्थतावाचक आहे. बेव्हर्ली आणि बेलिंडा या प्रेमी युगुलातही संशयाची तीच लागण दाखविली आहे. मोलिएरमधील पित्याची सक्ती मर्फीने राखली. बेलिंडाच्या पित्याने ठरविलेला वर दुसऱ्याच तरुणीवर प्रेम करतो, असे उपकथानकही जोडले. प्रहसनाची स्वभावप्रधान सुखात्मिका झाली, असे या बदलाचे वर्णन करता येईल. मात्र विस्तारात यंत्राची गती काहीशी मंदावली, हेही मान्य करावे लागते.

देवलांच्या हाती जे आले ते असे दुसऱ्या हातचे. १८९३ साली त्यांनी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ या नावाने मर्फीचे नाटक गद्यात मराठीत आणले. या नावातील ‘अथवा’नंतरचे पद नीट पाहिले पाहिजे. मोलिएरच्या नावात पती आहे. मर्फीच्या नावात सर्वांचीच चूक आहे. देवलांच्या नावात तसबीर आहे, पण नाटकात कसबीण आहे. मूळ दोन्ही नाटकांत अशी स्त्री नाही. सेली आणि बेलिंडा या दोघीही प्रतिष्ठित घरांतील कन्या आहेत. देवलांनी बेलिंडाची रेवती केली आणि रेवतीला नायकिणीच्या घरात जन्म दिला. रूपांतरातील अन्य सर्व बदल या एका बदलाच्या तुलनेत गौण आहेत.

या बदलाचे पहिले कारण व्यावहारिक दिसते. १८९० च्या सुमाराच्या महाराष्ट्रात उच्चवर्णीय घरातील उपवर मुलगी रस्त्यात एकटी, हाती प्रियकराची तसबीर घेऊन मूर्च्छित पडावी, हे संभवतच नव्हते; तिचे उपवर असण्याचे वयच मुळी प्रेम करण्याच्या आधीचे होते. ‘शारदा’ ज्या समाजावर लिहिले गेले तो हाच समाज. प्रौढ, स्वतःच्या मनाने वर निवडणारी, घराबाहेर वावरणारी आणि शिवाय गाणारी नायिका हवी तर ती त्या काळी एकाच घरात सापडण्यासारखी होती. इंग्रजी सुखात्मिकेचे रूपांतर करणाऱ्या प्रत्येक मराठी लेखकापुढे ही अडचण होती. कोणी पौराणिक वा काल्पनिक राजघराण्याचा आश्रय घेतला. ‘झुंझारराव’मध्ये स्वतः देवलांनीही तोच मार्ग पत्करला होता. ‘फाल्गुनराव’मध्ये त्यांनी समकालीन शहरातील वस्तीच आपलीशी केली.

तथापि व्यावहारिक कारणाने केलेल्या या बदलाचे परिणाम फार दूरवर गेले. मर्फीच्या नाटकात बेव्हर्लीचा संशय हा केवळ त्याच्या मनाचा दोष आहे, कारण बेलिंडाच्या वर्तनात वा स्थितीत संशयाला आधार नाही. देवलांच्या नाटकात अश्विनशेठच्या संशयाला समाजाची आयती संमती आहे. नायकिणीची मुलगी एकनिष्ठ कशी असेल, हा प्रश्न त्याने विचारण्यापूर्वीच सगळे विचारीत आहेत. त्याचा मित्र वैशाखशेठ तर तो उघड बोलून दाखवितो. ज्या स्त्रीकडे जन्मामुळेच बोट दाखविले जाते तिच्याविरुद्ध आता एक तसबीर पुरावा म्हणून उभी राहते. दुसरीकडे कृत्तिकेचा विचार करावा. लेडी रेस्टलेसने पतीला एका सभ्य तरुणीला सावरताना पाहिले. कृत्तिकेने आपल्या वयस्क, प्रतिष्ठित पतीला भर रस्त्यात नायकिणीच्या मुलीला हाताशी धरलेले पाहिले. लेडी रेस्टलेसचा संशय हास्यास्पद आहे. कृत्तिकेचा संशय त्या काळच्या कोणाही गृहिणीच्या अनुभवाशी जुळणारा आहे. म्हणजे जी घटना मूळात योगायोग होती ती येथे सामाजिक शक्यता झाली, आणि प्रहसन न सोडता नाटक अधिक विश्वसनीय झाले. रूपांतराने मूळ कृतीतील एक उणीव भरून काढली, असे म्हणण्याचे धाडस येथे करता येईल.

पित्याच्या सक्तीचे जे स्थान मूळ कथेत होते, ते येथे नायकिणीच्या घरच्या रूढीने घेतले आहे. तेथे पिता मुलीला नको त्या वराशी बांधू पाहतो. येथे मघा नायकिणीच्या घरात विवाह हीच गोष्ट रीतीबाहेरची आहे. रेवतीला विवाह हवा आहे. प्रहसनाच्या अखेरीस प्रेमिकांचे मीलन व्हावयाचे हे ठरलेलेच असते. पण त्या ठरीव शेवटाला येथे निराळा अर्थ प्राप्त होतो, कारण रेवतीच्या बाबतीत विवाह हा घटनेचा शेवट नसून दर्जाचा बदल आहे. देवल हे सुधारणावादी विचारांचे होते, हे ‘शारदा’वरून सर्वमान्य आहे, त्या विचाराचा माग सहा वर्षे आधीच्या एका ‘फार्स’मध्ये लागतो, याची नोंद मात्र क्वचितच घेतली गेली आहे.

याला एक मर्यादाही आहे व ती झाकण्याचे कारण नाही. रेवतीची निष्ठा सिद्ध व्हावी लागते. अश्विनशेठची निष्ठा कोणी तपासत नाही. रेवती स्वीकारार्ह ठरते ती आपल्या घराण्याला अपवाद म्हणून. ते घराणे तसे का आहे, या प्रश्नाकडे नाटक वळत नाही. प्रहसनाने तिकडे वळावे ही अपेक्षा कदाचित अवाजवी असेल. पण ‘मृच्छकटिक’ ज्याने मराठीत आणले, त्या लेखकापुढे वसंतसेनेचे उदाहरण होते, आणि चारुदत्ताची वधू होणारी गणिका ते रेवती ही रेषा देवलांच्या मनात असणे अगदी संभवनीय आहे. तसे असेल तर ‘संशयकल्लोळ’मध्ये दोन स्रोत मिसळले आहेत : कथानक मर्फीचे आणि नायिका शूद्रकाची.

नावांच्या योजनेविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण तेथे देवलांची खेळकर बुद्धी प्रत्ययाला येते. पुरुषांना महिन्यांची नावे (फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ आणि भाद्रपदावरून झालेला नोकर भादव्या) आणि स्त्रियांना नक्षत्रांची (कृत्तिका, रेवती, रोहिणी, मघा). मर्फीच्या ‘रेस्टलेस’सारख्या गुणवाचक आडनावांना हा मराठी पर्याय आहे, एवढेच सामान्यतः सांगितले जाते. परंतु पंचांगाच्या जाणकाराला यात आणखी काही दिसेल. चांद्रमासांची नावे पौर्णिमेच्या नक्षत्रांवरून पडली आहेत, आणि परंपरेने प्रत्येक मासाशी दोन वा तीन नक्षत्रे जोडली जातात. आश्विनाशी रेवती, अश्विनी आणि भरणी. कार्तिकाशी कृत्तिका आणि रोहिणी. फाल्गुनाशी पूर्वा, उत्तरा आणि हस्त. म्हणजे अश्विनशेठ आणि रेवती पंचांगातही एकमेकांची आहेत. कृत्तिका आणि तिची दासी रोहिणी एका घरच्या आहेत. आणि फाल्गुनराव व कृत्तिका मात्र एकमेकांच्या महिन्यातले नव्हेत. देवलांनी हे हिशेबाने केले की सहज जमून गेले, याचा निर्णय करण्याचे साधन नाही. शिमग्याचा महिना मात्र फाल्गुनरावाच्या वाट्याला निश्चितच जाणूनबुजून आला असावा.

येथवर शब्दाची उसनवारी झाली. आता स्वराची.

‘फाल्गुनराव’ हे गद्य नाटक दोन तपांनंतर गंधर्व नाटक मंडळीसाठी संगीत रूपात सिद्ध झाले आणि ‘संगीत संशयकल्लोळ’ या नावाने १९१६ साली रंगभूमीवर आले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये देवलांचे निधन झाले होते. आपल्या या नाटकाचे संगीत रूप त्यांना रंगभूमीवर पाहावयास मिळाले नाही. बालगंधर्वांची रेवती आणि गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव या भूमिका नाट्येतिहासात प्रसिद्धच आहेत. या नाटकातील पदे ‘रचली’ गेली असे आपण म्हणतो, तेव्हा त्या क्रियापदाचा अर्थ आज वाटतो त्याहून निराळा आहे, हे ध्यानी घ्यावयास हवे. संगीत नाटकाचा पदकर्ता स्वरांची नवी रचना करीत नसे. तो अस्तित्वात असलेली चाल निवडून तिच्यावर शब्द बसवी. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ उभे केले तेव्हा साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत, कीर्तनातील चाली, लावणीची वळणे आणि कानडी रंगभूमीवरील चाली, असा जो जो स्वरसंग्रह श्रोत्यांच्या कानी होता तो त्यांनी वापरला. देवल हे किर्लोस्करांचे शिष्य. ही रीत त्यांनी प्रत्यक्ष तालमीत शिकलेली होती. पुढे १९११ मध्ये ‘मानापमान’साठी गोविंदराव टेंबे यांनी ठुमरी, दादरा, कजरी अशा पूरब अंगाच्या चाली आणल्या, आणि १९१६ च्या डिसेंबरात आलेल्या ‘स्वयंवर’साठी भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या बंदिशी योजल्या. ‘संगीत संशयकल्लोळ’ कालदृष्ट्या या दोहोंच्या मध्ये येते.

या उसनवारीचे वैशिष्ट्य असे की ती उघड होती. संगीत नाटकाची कोणतीही जुनी छापील प्रत उघडली की प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून मूळ चीजेचे वा पदाचे आरंभीचे शब्द, आणि बहुधा राग व ताल दिलेले आढळतात. हा उल्लेख नटाला उपयोगी पडावा म्हणून असे, त्यामागे ऋणनिर्देशाचा हेतू नसे. पण परिणामी प्रत्येक पद आपले मूळ सांगतच वाचकापुढे येई. अशीच रीत १७२८ साली लंडनमध्ये आलेल्या जॉन गे याच्या ‘बेगर्स ऑपेरा’तही दिसते, तेथेही प्रत्येक गीतावर त्या काळी सर्वतोमुखी असलेल्या चालीचे नाव छापलेले असे. पुढे १९२८ मध्ये ब्रेख्तने त्याच नाटकावरून ‘थ्री पेनी ऑपेरा’ केले तेव्हा संगीत कुर्ट वाइलने जवळजवळ संपूर्ण नवे दिले, आणि तरीही व्हियोंच्या कवितांच्या जर्मन अनुवादातील ओळी न सांगता घेतल्याबद्दल ब्रेख्तवर वाङ्मयचौर्याचा आरोप झालाच. पु. ल. देशपांडे यांनी १९७८ साली ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिला तो या साखळीचा मराठी दुवा. त्याची स्वतंत्र चिकित्सा व्हावयास हवी. येथे एवढेच नोंदवावे की उसन्या चालीवर गीत बांधणे ही काही केवळ मराठी रंगभूमीची सवय किंवा दारिद्र्य नव्हे.

चाल उसनी घेतली म्हणजे काम सोपे झाले, असा समज होणे स्वाभाविक आहे. वास्तविक ते अधिक बिकट होते. व्रज वा हिंदी चीजेत शब्दांचे अंत्य स्वर सैल असतात. ‘मोरा’चे ‘मोर’, ‘पिया’चे ‘पियरवा’ होऊ शकते. अक्षर ओढता येते, तोडता येते. मराठी शब्द असा वाकत नाही. विभक्तिप्रत्ययांनी त्याची लांबी ठरलेली असते आणि जोडाक्षरावर सम आली तर गायकाचा आवाज अडखळतो. म्हणून नाट्यपदांत जी समासप्रचुर, आकारान्त आणि अनुनासिकांनी भरलेली संस्कृत शब्दकळा दिसते, तिचे कारण पुष्कळदा कवीच्या आवडीत नसून चालीच्या गरजेत असते. दीर्घ ‘आ’ हा तानेला सोयीचा. अनुस्वार गुंजनाला सोयीचा. नाट्यपदांच्या भाषेला कृत्रिम म्हणणाऱ्या टीकाकारांनी ही पदे केवळ छापील पानावर वाचली, असे म्हणावे लागते. अर्थात काही पदांत चालीने अर्थाचा बळी घेतलेला आहे, हेही नाकारता येणार नाही. मात्र ही तक्रार देवलांपेक्षा त्यांच्या नंतरच्या पदकर्त्यांबाबत अधिक लागू पडते. देवलांच्या पदरचनेत वाक्याचा अन्वय सहसा तुटत नाही.

दुसरा बदल भावाचा. चीजेतील नायिका अनामिक असते. तिचा पिया कोण, ती कोणत्या गावची, कोणत्या कारणाने रुसली, हे चीज सांगत नाही; सांगण्याची तिला गरज नसते, कारण ती कोणाचीही असू शकते. तीच चाल नाटकात आली की ती एका विशिष्ट व्यक्तीच्या, विशिष्ट क्षणीच्या बोलण्याला बांधली जाते. अश्विनशेठ गातो तेव्हा त्याला रेवतीलाच काही सांगावयाचे असते, आणि प्रेक्षकाला या क्षणाच्या आधीचा गैरसमज ठाऊक असतो. म्हणजे शब्दाच्या उसनवारीत देवलांनी फ्रेंच-इंग्रजी नमुन्याला मराठी स्थळकाळ दिला, आणि स्वराच्या उसनवारीत अनामिक भावनेला नाव-गाव दिले. दोन्ही क्रिया एकाच जातीच्या आहेत.

संगीत आल्याने प्रहसनाच्या रचनेतही एक फरक पडला. मोलिएरची सर्व पात्रे पद्यात बोलतात, मर्फीची सर्व पात्रे गद्यात बोलतात. ‘संगीत संशयकल्लोळ’मध्ये गद्य आणि गाणे यांची वाटणी झाली : पदांचा मुख्य भार अश्विनशेठ आणि रेवती यांच्यावर, तर फाल्गुनरावाचे राज्य प्रामुख्याने गद्यात. संशय बोलतो आणि प्रेम गाते, असे सरसकट विधान करता येणार नाही, कारण रुसवा आणि संशय यांवरही येथे पदे आहेत. पण फाल्गुनरावाच्या धावत्या, तुटक, पुराव्यामागे लागलेल्या गद्यानंतर एखादे पद सुरू झाले की काळच थांबतो, हा अनुभव प्रयोगात येतो. ही विषम गती मूळ दोन्ही नाटकांत असणे शक्य नव्हते.

या ठिकाणी शब्द आणि स्वर यांच्या दोन उसनवाऱ्या एकमेकींना भेटतात. रेवती गाते, आणि तिने गाणे हे संगीत नाटकाच्या संकेतापलीकडेही संभवनीय आहे, कारण गाणे ही तिच्या घरची विद्या आहे. त्या काळच्या नाट्यसंगीतात जो स्वरसंग्रह आला त्यातील मोठा वाटा, विशेषतः ठुमरी-दादऱ्याचा, अशाच घरांतील गायिकांनी जतन केलेला होता. सभ्य घरातील स्त्रीने ज्या बैठकीला जाऊ नये अशी रूढी होती, त्या बैठकीतील स्वर नाटकाच्या द्वारे त्याच स्त्रीच्या माजघरात आले. ग्रामोफोनच्या तबकड्यांनी ते अधिक वेगाने आले. रेवती नायकिणीच्या घरातून विवाहाने गृहस्थाच्या घरात येते, आणि तिची चालही तोच प्रवास करते. अशी संगती १८९३ च्या गद्य ‘फार्स’मध्ये नव्हती, ती पदे आल्यानंतर निर्माण झाली. आणि हे सर्व गात होता एक पुरुष नट, ज्याच्या स्त्रीवेषाचे अनुकरण कुलीन स्त्रिया करीत, ही त्यातील आणखी एक गुंतागुंत.

अशा व्यवहाराला भाषांतर, रूपांतर, अनुकरण, आधार हे आपले रूढ शब्द पुरेसे पडत नाहीत. महादेवशास्त्री कोल्हटकरांचा ‘ऑथेल्लो’ (१८६७) हे भाषांतर, आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३) हे भाषांतराकडे झुकणारे रूपांतर, ‘झुंझारराव’ (१८९०) हे रंगभूमीसाठी केलेले रूपांतर, येथवर ही परिभाषा चालते; ‘संशयकल्लोळ’पाशी ती थकते. अधिक सूक्ष्म परिभाषा मिळते ती इंग्रजी समीक्षेत शोधण्याची गरज नाही. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्द्योतात दोन काव्यांतील सादृश्याचे तीन प्रकार सांगितले आहेत : प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे आणि दोन सारख्या देहांसारखे. पहिले दोन त्याज्य, तिसरे ग्राह्य. कारण दोन माणसे दिसण्यात सारखी असली तरी प्रत्येकाचा आत्मा निराळा असतो. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त या विचाराचा विस्तार करून चौथा प्रकार जोडला, तो ‘परपुरप्रवेशसदृश’. मूळ वस्तू एकच, परंतु तिच्यावरील सारा संस्कार निराळा. योगी जसा दुसऱ्याच्या देहात प्रवेश करतो तसा. राजशेखराची दृष्टी या बाबतीत विलक्षण मोकळी आहे. कवी आणि वाणी यांत चोर नसलेला कोणी नाही, जो लपवू जाणतो तो निंदेवाचून सुखाने नांदतो, अशा आशयाचे मिस्कील मतही तो नोंदवून ठेवतो.

या परिभाषेने पाहिले असता ‘झुंझारराव’ चित्राच्या जवळ जाते : मूळ ओळखू येते, रंग निराळे. ‘संशयकल्लोळ’ हा परपुरप्रवेश आहे. नाट्यपद तर त्या शब्दाच्या अक्षरशः अर्थाने तसे आहे, कारण तेथे स्वरांचा देह जशाचा तसा राहून आतला शब्दच बदलतो. मात्र राजशेखराचे एक मत संगीत नाटकाला लागू पडत नाही. त्याच्या मते कौशल्य लपविण्यात आहे. ‘चाल’ म्हणून डोक्यावर मूळ छापणाऱ्या पदकर्त्याला लपविण्यासारखे काहीच नव्हते. श्रोत्याला मूळ चीज ठाऊक असावी आणि नवे शब्द ऐकताना ती त्याच्या कानात वाजत राहावी, यातच त्या पदाची अर्धी गंमत होती. ही ओळख पुढील पिढ्यांत पुसट होत गेली, आणि तिच्याबरोबर पदे ‘स्वतंत्र’ वाटू लागली.

मर्फीचे नाव आज इंग्रजी नाट्यवाङ्मयाच्या इतिहासात तळटिपेपुरते उरले आहे. त्याचे नाटक मराठी रंगभूमीवर मात्र वारंवार नव्या संचांत उभे राहिले. त्यातील दरबारी कानड्यातले अश्विनशेठचे पद वसंतराव देशपांडे यांच्यासारख्या गायकांनी मैफलीत मांडले, तेव्हा त्याला नाटकाच्या प्रसंगाचा आधार नव्हता. समोरच्या श्रोत्यांपैकी पुष्कळांना रेवती कोण, फाल्गुनराव कोण आणि तसबीर कोणाची, हे आठवण्याचे कारणही नव्हते. ज्या चालीला देवलांनी नाव-गाव दिले होते ती पुन्हा चीजेसारखी अनामिक होऊन, विस्ताराला मोकळी झाली.